चित्रात सूर्यच नव्हता

फ्लेक्स बुधवारी दुपारी शाळेत आला. सहा बाय चारचा, मधोमध भगव्या-सोनेरी ज्वाळांचा भलामोठा गोळा आणि खाली ठळक अक्षरांत: ‘पार्कर सोलर प्रोबने घेतलेला सूर्याचा सर्वांत जवळचा फोटो’. पार्कर म्हणजे नासाने सूर्याजवळ पाठवलेलं यान. विज्ञान दिनाचं प्रदर्शन शुक्रवार-शनिवारी होतं. शिपाईकाकांनी फ्लेक्स व्हरांड्यात उलगडला, मुलं गोळा झाली, मोबाइल निघाले. मी खूश होते. नाशिकमधल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते आणि इतकं देखणं पोस्टर आमच्या प्रदर्शनात आजवर लागलं नव्हतं.

आठवीतला एक मुलगा मागे उभा होता. त्याने विचारलं, “मॅडम, फोटो काढला तेव्हा कॅमेरा ढालीच्या पुढे होता की मागे?”

आदल्याच आठवड्यात मी वर्गात पार्करच्या उष्णतारोधक ढालीबद्दल भरभरून बोलले होते. सुमारे २.४ मीटर व्यासाची, साडेअकरा सेंटिमीटर जाडीची, कार्बनच्या दोन पत्र्यांमध्ये कार्बनचाच फेस भरलेली. या फेसात बहुतेक पोकळीच असते, म्हणून एवढी मोठी ढाल जेमतेम ७३ किलोची. पुढच्या अंगाने १,४०० अंश सेल्सिअसपर्यंतचा ताप सोसेल अशी बनवलेली आणि तिच्या सावलीतली उपकरणं मात्र खोलीतल्या तापमानाच्या आसपास. त्यामुळे उत्तर सोपं होतं. “मागे,” मी म्हटलं.

“मग ढालीच्या आरपार सूर्य दिसला कसा?”

मी म्हटलं, “उद्या सांगते.” शिक्षकाने हे वाक्य उच्चारलं की काय समजायचं ते आठवीतल्या मुलांना नेमकं ठाऊक असतं.

चूक कुठे झाली

त्या रात्री शोधल्यावर कळलं ते असं. फ्लेक्सवरचा सूर्य खरा होता, पण पार्करचा नव्हता. ते चित्र सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्वेटरीचं. ही वेधशाळा फेब्रुवारी २०१० मध्ये उडाली, ती पृथ्वीभोवतीच फिरते आणि सूर्याकडे टक लावून दर काही सेकंदांनी त्याची चित्रं घेते. भगवा रंगही सूर्याचा नव्हे. अतिनील किरणांची ३०४ अँगस्ट्रॉम ही तरंगलांबी आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. त्या चित्रांना ओळखायला सोपं जावं म्हणून शास्त्रज्ञांनी लालसर भगवा रंग नेमून दिलाय. म्हणजे आमच्या ‘सर्वांत जवळच्या फोटो’तला कॅमेरा सूर्यापासून तुमच्या-माझ्याइतकाच लांब होता, साधारण १५ कोटी किलोमीटर.

चूक माझीच. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते चित्र पार्करच्या नावाने आलं, मी ते जपून ठेवलं आणि फ्लेक्सवाल्याला तेच पाठवलं. त्या बिचाऱ्याने तर विचारलंही होतं, “मॅडम, रिझोल्यूशन कमी आहे, चालेल का?” चित्र आहे कोणाचं, हे विचारायचं काम त्याचं नव्हतं.

मला बोचलं ते वेगळंच. फोटो खोटा असल्याचं त्या मुलाला माहीत नव्हतं. त्याने फक्त ढाल आणि कॅमेरा या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. मी दोन्ही गोष्टी शिकवल्या होत्या, पण निरनिराळ्या दिवशी.

पार्करवर सूर्यबिंबाकडे रोखलेला कॅमेराच नाही. चित्रं घेणारं एकच उपकरण आहे, ‘विस्पर’. अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीने ते बनवलं. त्यात दोन छोट्या दुर्बिणी आहेत आणि त्या बाजूला, यान ज्या दिशेने धावतंय त्या अंगाला बघतात. सूर्याच्या केंद्रापासून साडेतेरा अंश सोडले की आतल्या दुर्बिणीचं क्षेत्र सुरू होतं. बाहेरच्या दुर्बिणीचं क्षेत्र १०८ अंशांपर्यंत जातं. ९० अंशांच्या पुढे गेलं म्हणजे सूर्याकडे चक्क पाठ फिरली. सूर्याच्या इतक्या जवळ कोणी गेलं नाही आणि तिथे पोचल्यावर कॅमेरा बघतो आजूबाजूला! मुलांना हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, “लग्नात नवरानवरीचा सोडून मांडवाचा फोटो काढल्यासारखं.” उपमा चांगली आहे, फक्त इथे मांडवाबद्दलच कोणाला काही माहीत नव्हतं.

दुसरा फ्लेक्स

गुरुवारी सकाळी खरं चित्र उतरवून घेतलं. २५ डिसेंबर २०२४ ला विस्परने टिपलेलं आणि १० जुलै २०२५ ला नासाने प्रसिद्ध केलेलं. त्याच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, पार्कर सूर्याच्या पृष्ठभागापासून फक्त ६१ लाख किलोमीटरवरून गेलं होतं, तासाला सुमारे ६ लाख ९२ हजार किलोमीटर वेगाने. भारतात तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून तेवीस मिनिटं झाली होती. नाशिकमध्ये डिसेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे तो तेव्हा नैर्ऋत्येला टेकत आलेला पण दिसत होता. गंगापूर धरणावर त्या संध्याकाळी मावळतीचे फोटो काढत उभ्या असलेल्या कोणाच्याही फ्रेममध्ये ते यान होतं, दिसलं नाही एवढंच. यानाशी बोलणं तेव्हा बंद होतं. ते सुखरूप असल्याची पहिली खूण आली ती आपल्याकडच्या २७ तारखेच्या सकाळी. चित्रं त्यानंतर, सवडीने.

नवं चित्र आलं आणि शिक्षकखोलीत शांतता पसरली. राखाडी पार्श्वभूमी. डावीकडून उजवीकडे फाकत जाणारे पांढुरके पट्टे, धुरासारखे. मध्ये मध्ये ठिपके. सूर्य डाव्या कडेच्या बाहेर, चित्रात नाहीच. मुख्याध्यापक सरांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, “मॅडम, हा एक्स-रे आहे का?”

चित्रकलेच्या मॅडमनी थोडा रंग भरू का म्हणून विचारलं. मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण एका फ्लेक्समध्ये पोळल्यावर दुसरा तरी आहे तसा लावायचं ठरलं.

शुक्रवारचा पहिला अर्धा दिवस वाया गेला, असंच म्हणते. पालक यायचे, बघायचे आणि शेजारच्या ज्वालामुखीच्या मॉडेलकडे वळायचे. तिथे व्हिनेगर आणि सोडा फसफसत होता. आमच्याकडे राखाडी धूर. अभिप्रायाच्या वहीत बहुतेकांनी तेच विचारलं होतं: सूर्य कुठे आहे? फोटो काळा-पांढरा का? एका आजोबांनी लिहिलं, “कोरोना परत आला का?” त्यांची काय चूक? आम्ही खाली ‘सूर्याचा कोरोना’ असं लिहिलं होतं आणि २०२० नंतर त्या शब्दाचा एकच अर्थ उरलाय. विषाणू आणि सूर्याचं प्रभामंडळ, म्हणजे त्याच्याभोवतीचं विरळ वातावरण, दोघांनाही नाव मुकुटावरूनच मिळालं. दुपारी ‘कोरोना’वर कागद चिकटवून ‘प्रभामंडळ’ लिहिलं.

दोष चित्राचा नव्हता. लोक ‘फोटो’ बघायला आले होते आणि फोटो म्हटला की समोरच्या वस्तूचा. हे चित्र वस्तूच्या आत उभं राहून काढलेलं होतं. हा फरक दाखवायची सोय आम्ही केलीच नव्हती.

ती सोय एका पालकाने करून दिली. आडगाव नाक्याकडे त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा, स्वतःही बरीच वर्षं गाडी चालवलेली. मी त्यांना सांगत होते की प्रभामंडळाला स्वतःचा असा दिसण्याजोगा उजेड फार थोडा असतो. तिथे मोकळे इलेक्ट्रॉन असतात, सूर्याचा प्रकाश त्यांच्यावर आपटून बाजूला विखुरतो आणि तोच आपल्याला दिसतो. ते म्हणाले, “म्हणजे कसाऱ्याच्या घाटासारखं. पावसाळ्यात धुक्यात अप्पर मारला की रस्ता दिसत नाही, धुकंच दिसतं.”

अगदी तेच. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा थेट डोळ्यांवर आला तर काहीच दिसत नाही. पण तो दिवा पुढच्या ट्रकच्या आड गेला की ट्रकच्या दोन्ही बाजूंनी उजळलेलं धुकं दिसतं, त्याचे लोट दिसतात, वारा कुठून कुठे चाललाय तेही कळतं. पार्करची ढाल म्हणजे तो ट्रक. यान वाचवणं हे तिचं पहिलं काम, पण कॅमेऱ्याला डोळे उघडता येतात तेही तिच्याच आडोशाने. त्या अंतरावरून सूर्यबिंब सुमारे साडेअकरा अंशांचं दिसतं, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडं मोठं. आपल्या आकाशात ते अर्ध्या अंशाचं असतं. तिथला प्रखरपणा आपल्या पावणेपाचशे पट. प्रभामंडळाचा उजेड मात्र पृथ्वीवरून बघितला तरी बिंबाच्या जेमतेम दहा लाखाव्या हिश्शाइतका, फार तर पौर्णिमेच्या चंद्राएवढा. म्हणून तर ते खग्रास ग्रहणातच दिसायचं.

ग्रहणाचं निघालंच आहे तर एक सांगते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या महाराष्ट्रावरून गेला. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला दुर्बिणी आणि वर्णपटाची यंत्रं घेऊन गेले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळीही तिथेच. एवढा सगळा लवाजमा कशासाठी, तर दोनेक मिनिटांच्या प्रभामंडळासाठी. मी स्वतः २२ जुलै २००९ ला रात्रीची निघून सापुताऱ्यामार्गे सुरतला गेले होते. सकाळी सव्वासहानंतर तीन मिनिटं अंधार पडला, कावळे ओरडले आणि वर नुसते ढग. प्रभामंडळ मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पुढचं खग्रास भारतात २०३४ च्या मार्चमध्ये, लडाख-काश्मीरकडे.

टाकी

शुक्रवारी चार वाजता जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून माशांची रिकामी टाकी मागवली. ट्रान्सपोर्टवाल्या पालकांचं धुकं टाकीत भरायचं ठरलं.

एका टोकाला एलईडीचा बल्ब. त्याच्यापासून वीतभर अंतरावर स्टीलची ताटली उभी, मातीच्या गोळ्यात रोवलेली. ताटलीच्या सावलीत मोबाइल, कॅमेरा बल्बकडे न रोखता बाजूला वळवलेला. आत धुपाची कांडी पेटवून वर काच ठेवायची.

पहिल्या खेपेला मोबाइलच्या पडद्यावर आला नुसता पांढरा भक्क उजेड. दोन कारणं होती. टाकीच्या काचा बल्बला चारही बाजूंनी परतवत होत्या, त्यामुळे सावलीत असूनही कॅमेऱ्यावर उजेड येत होता. शिवाय ताटलीची कड चकचकीत होती, तिच्यावरून प्रकाश वळून आत शिरत होता. विस्पर बनवणाऱ्यांची मुख्य लढाई याच चोरट्या उजेडाशी होती. भिंगांच्या पुढे त्यांनी पातळ आडपडद्यांच्या रांगा लावल्या आहेत. एका पडद्याच्या कडेवरून वळून आलेला प्रकाश दुसरा अडवतो, दुसऱ्याचा तिसरा. यानाच्या इतर भागांवरून उसळून येणाऱ्या उजेडालाही तसेच अडसर.

मग आम्ही टाकीला तीन बाजूंनी काळा कार्डपेपर लावला, ताटलीला काजळी फासली आणि मोबाइलच्या पुढे कार्डपेपरच्याच तीन पट्ट्या एकामागे एक उभ्या केल्या, दर पट्टी आधीच्यापेक्षा थोडी ठेंगणी. कॉम्प्युटरच्या सरांनी मोबाइलचं आपोआप उजेड ठरवणं बंद करून एक्स्पोजर हाताने लावलं.

दुसऱ्या खेपेला धूर दिसला. नुसता ढगळ धूर नव्हे, त्याचे धागे, वळसे, एकमेकांत शिरणारे लोट. वर्गात सव्वासहापर्यंत कोणी घरी गेलं नाही.

त्या धाग्यांपाशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो, कारण फ्लेक्सवरचे पट्टे तिथेच उलगडले. धुराचा पातळ पदर समोरून दिसला तर जवळजवळ दिसेनासा होतो. तोच वळला आणि कडेकडून दिसू लागला की पांढरी रेघ उमटते. ओढणीचंही असंच, एकेरी कापडातून पलीकडचं दिसतं, चुणी पडली की गडद होते. सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा जिथे उलटते तिथे सौरवाऱ्यात, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोतात, असाच एक पातळ, नागमोडी पदर पसरलेला असतो. डिसेंबरच्या त्या चित्रांत तो दिसतो. नजर त्याच्या घडीच्या रेषेत गेली की उजळ पट्टा, एरवी फिकट. म्हणजे पट्टा ही प्रत्येक वेळी स्वतंत्र ‘वस्तू’ असतेच असं नाही, कधी कधी ती नुसती घडी असते.

त्याच चित्रफितीत सूर्यावरून सुटलेले उद्रेक एकामागून एक येऊन एकमेकांवर चढताना दिसतात. आपल्याकडे बातम्यांत त्यांना ‘सौर वादळ’ म्हणतात. इतक्या बारकाव्याने त्यांची टक्कर टिपली गेली ती पहिल्यांदाच. दोन उद्रेक वाटेत मिसळले तर पृथ्वीपाशी काय आणि केव्हा पोचेल याचा अंदाज चुकतो. उपग्रह आणि वीजवाहिन्या सांभाळणाऱ्यांना म्हणून या राखाडी चित्राची किंमत आहे.

चित्रांतल्या बारीक पांढऱ्या रेघोट्यांवरून मुलांनी ‘एलियन’ काढलेच. एरवी मी रागावले असते, पण खरं कारणही तितकंच रंजक आहे. सूर्याजवळची धूळ प्रचंड वेगाने यानावर आदळते, यानाच्या पृष्ठभागाचे कण उडतात आणि ते सूर्यप्रकाशात चमकत कॅमेऱ्यासमोरून जातात. कपच्यांची ही रांगोळी यानाची स्वतःचीच.

टाकीची खोट

शनिवारी सकाळी एक निवृत्त प्राध्यापक आले. त्यांनी टाकी बघितली, हसले आणि म्हणाले, “छान आहे. पण हे तुम्ही चुकीचं प्रभामंडळ दाखवताय.”

त्यांचं म्हणणं असं. धुराचे कण म्हणजे घन कण. सूर्याभोवतीही अशी बारीक धूळ आहे आणि तीही प्रकाश विखुरते. विस्परच्या कच्च्या चित्रात या धुळीचा उजेडच जास्त असतो, इलेक्ट्रॉनांचा त्यात बुडून जातो. धुळीचा उजेड सपाट आणि संथ असतो, इलेक्ट्रॉनांचा भराभर बदलतो. त्यामुळे अनेक चित्रांवरून संथ भाग काढून तो प्रत्येक चित्रातून वजा करतात, तेव्हा कुठे पट्टे वर येतात. फ्लेक्सवर जे होतं ते वजाबाकीनंतर उरलेलं. आमच्या टाकीत होता तो वजा करायचा भाग.

मी वरमले. ते पुढे म्हणाले, “पण धुळीतही गंमत आहेच.” सूर्याच्या अगदी जवळ धुळीचे कण उष्णतेने विरून जात असणार, म्हणून तिथे धूळविरहित प्रदेश असला पाहिजे, असं हेन्री नॉरिस रसेल यांनी १९२९ मध्ये मांडलं होतं. नव्वद वर्षं ते कागदावर राहिलं. पार्करच्या २०१८ मधल्या पहिल्याच फेरीतल्या चित्रांत धुळीचा उजेड सूर्याकडे जाताना अपेक्षेइतका वाढत नाही, असं आढळलं. धूळ विरळ होत चालल्याची ती खूण.

टाकी आम्ही काढली नाही. शेजारी पाटी लावली: ‘धूर = धूळ. इलेक्ट्रॉन आमच्या टाकीत मावत नाहीत.’ ती पाटी मुख्याध्यापक सरांना फार आवडली. शिवाय २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन यांनी ज्या परिणामाचा शोध लावला तोही प्रकाशाच्या विखुरण्याचाच. प्रकार वेगळा, तरी विज्ञान दिनाला विषय चपखल बसला होता आणि ते आमच्या लक्षात आलं शनिवारी दुपारी.

लाखो अंशांच्या प्रभामंडळात यान वितळत कसं नाही, हा प्रश्नही सतत यायचा. त्याला मी फुलबाजीवर भागवलं. फुलबाजीची ठिणगी हजार अंशांच्या आसपास असते, हातावर पडली तरी चुटका बसून विझते. शंभर अंशांच्याही खालचा चहा सांडला तर फोड येतो. कण किती गरम आहेत यापेक्षा किती आहेत हे मोलाचं, आणि तिथे ते फारच विरळ. ढालीला तापवतो तो मुख्यतः सूर्याचा प्रकाश.

बागेतल्या ओळी

सगळ्यात चांगलं उत्तर शनिवारी दुपारी मिळालं, नववीतल्या एका मुलीकडून. दिंडोरीकडून रोज एसटीने येते, घरी द्राक्षबाग आहे.

मी फ्लेक्सपाशी उभी राहून २०२१ मधल्या चित्रांबद्दल सांगत होते. त्या वर्षी २८ एप्रिलला पार्कर पहिल्यांदा प्रभामंडळाच्या हद्दीत शिरलं, पृष्ठभागापासून सुमारे १ कोटी ३० लाख किलोमीटरवर. हद्द म्हणजे कुंपण नव्हे. जिथपर्यंत सूर्याचं चुंबकीय क्षेत्र तिथल्या द्रव्याला धरून ठेवू शकतं तिथपर्यंत प्रभामंडळ, आणि जिथून ते सुटून परत न येण्यासाठी निघतं तिथून सौरवारा. लांबून बघताना ही रेषा दिसत नाही, आत जाऊन मोजावी लागते. त्याच वर्षीच्या नवव्या फेरीतल्या चित्रांत वरचे पट्टे वर सरकताना आणि खालचे खाली सरकताना दिसतात. ते का, हे मला धड सांगता येत नव्हतं. ‘दृष्टिकोन बदलतो’ असलं काहीतरी पुटपुटत होते.

ती म्हणाली, “मॅडम, एसटीतून बाग बघितल्यावर होतं तसं ना?”

तिने हातांनी दाखवलं. लांब रस्त्यावरून बाग म्हणजे नुसता हिरवा ठोकळा, ओळी कळत नाहीत. एसटी बागेच्या कडेने जाऊ लागली की एकेक ओळ उघडते. समोर आली की आरपार शेवटच्या अँगलपर्यंत दिसते, पुढच्या क्षणी मिटते. जवळच्या ओळी झपाझप मागे जातात, लांबच्या हळूहळू. “आणि बाबांच्या मागे बागेतून चाललं की ओळी दोन्हीकडून अंगावर येऊन बाजूला होतात. वर मांडव असतो तो डोक्यावरून जातो.”

माझ्या ‘दृष्टिकोना’पेक्षा हे शंभर पटींनी बरं होतं. पार्कर पट्ट्यांच्या मधून जात होतं, म्हणून काही वरून सरकले, काही खालून. लांबून घेतलेल्या कोणत्याही चित्रात पट्टे असे दुभंगत नाहीत, तिथे सगळे एकावर एक चढलेले असतात, हिरव्या ठोकळ्यासारखे. शिवाय जवळच्या पट्ट्याचा सरकण्याचा वेग जास्त, त्यावरून तो किती लांब आहे याचाही अंदाज बांधता येतो. जवळ जाण्याचा फायदा चित्र ‘मोठं’ येण्यात नाही, ओळी सुट्या होण्यात आहे. तिने ते फळ्यावर काढलं: दोन रांगा, मध्ये एक चौकोन, चौकोनाला बाणाने ‘पार्कर/एसटी’ असं नाव. दुपारनंतर आलेल्यांना तीच समजावत होती, मी चहा प्यायला गेले.

अंतरांसाठी कॉम्प्युटरच्या सरांनी नकाशा लावला होता. सूर्य नाशिकच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, पृथ्वी मुंबईत, मध्ये साधारण १६५ किलोमीटर. या मापाने सूर्यच दीड किलोमीटर रुंद. बुध कसाऱ्याच्या जवळपास. युरोपचं सोलर ऑर्बिटर, जे सूर्याकडे थेट बघून खरोखरचे जवळचे फोटो घेतं, ते फार तर इगतपुरीपर्यंत येतं. पार्कर पाथर्डी फाट्याच्या आसपास. आपल्या इस्रोचं आदित्य-एल१ यान मात्र मुंबईतून नाशिकच्या दिशेने दीड-पावणेदोन किलोमीटरवरच, म्हणजे जेमतेम निघालेलं. हे बघून काही पालक हिरमुसले. त्यांना सांगावं लागलं की आदित्य तिथे मुद्दाम आहे. त्या जागेवरून सूर्य कधी झाकला जात नाही. त्याचा कॅमेरा सूर्यबिंब आतच झाकून, बिंबाच्या अगदी कडेपासूनचं प्रभामंडळ अखंड बघतो. पार्करला ती कड कधीच दिसत नाही. पार्कर साधारण ८८ दिवसांनी एकदा बागेतून पळत जातं, आदित्य बांधावर बसून राखण करतं. दोन्ही लागतात.

हेच प्रदर्शन पुन्हा मांडायचं झालं तर फ्लेक्स शेवटी लावीन. आधी अंधारी टाकी, मग बागेचा फळा, मग नकाशा, आणि त्या सगळ्यातून आल्यावर भिंतीवर ते राखाडी चित्र. आम्ही उलट केलं. शनिवारी दुपारी मुलांनीच जागा बदलल्या, तेव्हा लोक चित्रापाशी थांबू लागले. वहीत शेवटच्या पानावर कोणीतरी लिहिलंय, ‘सूर्य डावीकडे आहे हे समजले.’

आठवीतल्या त्या मुलाला मी सोमवारी वर्गात उत्तर दिलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ढाल जरा तिरकी झाली तर?” त्यावरही सोय आहे: सावलीच्या कडेला बारीक संवेदक बसवलेत. त्यांच्यावर ऊन पडलं की यान पृथ्वीला न विचारता स्वतःला सरळ करतं, कारण विचारून उत्तर यायला पंधरा-सोळा मिनिटं लागतील. हे मात्र मी आदल्या रात्रीच वाचून ठेवलं होतं.

राखाडी फ्लेक्स प्रयोगशाळेत आहे. भगवा दिंडोरीच्या मुलीने मागून नेला, शेवटी सहा बाय चारचं चांगलं प्लास्टिक होतं. मे महिन्यात अवकाळी आला तेव्हा तिने फोटो पाठवला: खळ्यात कांद्याचा ढीग, वर आमचा सूर्य, चारी कोपऱ्यांवर दगड. खाली लिहिलं होतं, “मॅडम, ज्वाळा आतल्या बाजूला ठेवल्यात. पांढरी बाजू वर.”